उठायचं कधी? (खंड्या, पाझर तलाव आणि माझे सहा रविवार)

वाफाळता_चहा (रविवार, रात्री ९.१२)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमच्या गावाबाहेर एक पाझर तलाव आहे. तलाव म्हणायचं आपलं, मार्चमध्ये त्याचं डबकं होतं. काठावरची एक वाळकी बाभूळ पाण्यात कलंडलीये आणि तिच्या एका ठरावीक फांदीवर छोटा खंड्या बसतो. चिमणीएवढा जीव, पण पाठीवर ऊन पडलं की जीव खुळावतो. फांदीवर शिटून शिटून त्याने चुना मारून ठेवलाय, म्हणजे सातबारा त्याच्याच नावावर आहे.

मला त्याचा एकच फोटो हवाय. मासा घेऊन पाण्यातून वर येतानाचा. नुसता बसलेला नको, तसले चाळीसेक आहेत.

गेले सहा रविवार सकाळी साडेसहाला जाऊन बसते. अंगावरून जुनी साडी पांघरलेली, मांडीवर सेकंडहँड ७०-३०० लेन्स. पहिल्या रविवारी तो आला, सूर मारला, तेव्हा मी मुंग्या झटकत होते. दुसऱ्या रविवारी फिरकलाच नाही, तास न् तास शेजारच्या शेतपंपाच्या मोटारीची घरघर ऐकली. तिसऱ्यांदा आला, फोटोत नुसतं उडालेलं पाणी. चौथ्यांदा नाही. पाचव्यांदा आला तर आभाळ भरलेलं, सगळं काळंमिट्ट. आज सहावा. साडेदहापर्यंत बसले, मोटार ऐकली, उठले. मध्ये दोन जण विचारून गेले, "ताई, सर्वेला आलाय का? रस्ता कुणाच्या रानातनं जाणार?"

सगळे म्हणतात फोटोग्राफीत संयम हवा. मान्य. पण संयम कुठे संपतो आणि मठ्ठपणा कुठे सुरू होतो? तुम्ही कसं ठरवता, की आता उठायचं?

खडीसाखर

मस्त लिहिलंयस चहाताई. साडीचा रंग कोणता?

सह्यवारा

सहा रविवार काहीच नाहीत. स्कॉटलंडच्या ॲलन मॅकफॅडियनची बातमी २०१५ च्या सुमारास सगळीकडे फिरत होती. खंड्याचा सूर, चोच पाण्याला टेकते तो नेमका क्षण, प्रतिबिंबासकट. त्या एका फोटोसाठी ६ वर्षं, ४२०० तास आणि ७,२०,००० क्लिक. तुझे झाले साधारण २४ तास. ४१७६ बाकी. शुभेच्छा.

टिंबटिंब

@सह्यवारा, भागाकार करून बघा. ७,२०,००० भागिले ४२००, म्हणजे ताशी १७१ फोटो. याला संयम म्हणायचं की मशीनगन?

सह्यवारा

मशीनगन घेऊन ६ वर्षं एका जागी बसून दाखवा, मग बोलू.

फोटोवाला_पोऱ्या

माझं मत उलटं आहे. मी लग्नं करतो (म्हणजे फोटो काढतो, लग्न एकच केलंय). आमच्या धंद्यात थांबला तो संपला. अंतरपाट खाली यायला सेकंद लागत नाही आणि त्याच सेकंदाला नवरीचा मामा मोबाईल उंच करून मध्ये येतो. संयम लागतो तो माणसांशी. "काका, जरा डावीकडे." "आत्या, तुमचा वेगळा काढतो ना." पंगतीत सगळ्यांचं जेवण होईपर्यंत आम्ही उपाशी, मग तीन वाजता गार मसालेभात. त्याला संयम म्हणा.

एक मात्र सांगतो. अक्षतांच्या आधी मी पाच मिनिटं नवरीच्या आईकडे बघत राहतो. ती कधी रडणार याचा अंदाज येतो. पदराकडे हात जायच्या आधी ती एकदा वर बघते. बहुतेक सगळ्या बघतात. तेवढं कळलं की फोटो मिळतो. ताई, तुमच्या पक्ष्याचंही असंच काही असेल.

रानभूल

आहे ना! सूर मारायच्या आधी तो मान वरखाली करतो, पाण्यातल्या माशाचं अंतर जोखतो. आणि पुष्कळदा उडायच्या आधी शिटतो. हसू नका, पक्षी बघणारे सगळे याच्यावर नजर ठेवून असतात. शेपूट उचललं की बोट बटणावर.

शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू नको. फोकस पक्ष्यावर नाही, तो नेहमी जिथे पडतो त्या पाण्यावर आधीच लावून ठेव. ७०-३०० ला तो उडाल्यावर पकडणं कठीण.

मेगापिक्सेल

हे सगळं जुनं झालं हो. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये प्री-कॅप्चर येतं. बटण अर्धं दाबून ठेवायचं, कॅमेरा आतल्या आत फोटो घेत आणि टाकत राहतो. पक्षी उडाला की पूर्ण दाबा, आधीच्या अर्ध्याएक सेकंदातले फोटोही मिळतात. म्हणजे तुम्ही उशिरा जागे झालात तरी चालतं. मी भिगवणला कवड्या खंड्याचे असेच घेतले, एका सकाळी २८००.

टिंबटिंब

आणि ते २८०० बघायला किती दिवस लागले?

मेगापिक्सेल

अजून बघतोय.

टिंबटिंब

मग संयम लागतोच की. नुसता तलावावरून टेबलावर आला.

आबा_स्टुडिओवाले

पोरांनो, तुमचं वाचून मजा वाटते. आमचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता, १९७४ ते २००६. त्या आधी घरी आग्फा क्लिक थ्री होता. १२० चा रोल, बारा फोटो. बारा म्हणजे बारा. वडील दिवाळीला दोन काढायचे, संक्रांतीला एक, जत्रेला दोन. रोल भरल्याशिवाय धुवायचा नाही, त्यामुळे दिवाळीचं आमचं तोंड आम्हाला मे महिन्यात दिसायचं. तोवर एखाद्याचे पुढचे दात पडून नवे आलेले असायचे. तो फोटो हातात आला की दिवाळी पुन्हा एकदा व्हायची.

स्टुडिओत गिऱ्हाईक यायचं ते घाईतच. पासपोर्ट फोटो, "उद्या देता का?" आणि आत डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरमध्ये टाकला की घाई चालायची नाही. आधी केस दिसायला लागायचे, मग डोळे, सगळ्यात शेवटी शर्टाचा कॉलर. माझ्या धाकट्या भावाला दम निघायचा नाही, तो कागद आधीच उचलून हायपोत, म्हणजे फोटो पक्का करायच्या द्रावणात, टाकायचा. त्याचे सगळे फोटो फिके. गावात त्या काळातले कुणाचे फिके फोटो दिसले की मी ओळखतो, हे धाकट्याने केलेलं काम.

चहाताई, उठायचं कधी ते मला सांगता येणार नाही. आमचा रोल संपला की आपोआप उठायला व्हायचं. तुमचं कार्ड संपत नाही ही तुमची अडचण आहे.

खडीसाखर

आबा, साष्टांग! वेगळा धागा काढा यावर. (साडीचा रंग अजून कळलेला नाही.)

चंपक_नागपूरकर

ताडोब्याचा किस्सा सांगतो. मे महिना, मोहर्ली गेट, दुपारची फेरी. पाणवठ्यावर आठ जिप्सी लागलेल्या. गाईड म्हणाला, वाघीण झुडपात झोपली आहे, पाण्यावर येईन. अर्धा तास झाला, एक जिप्सी निघाली. पाऊण तासाने आणखी तीन. आम्ही कट्टर. ४४ डिग्रीत टोपीवर ओला रुमाल टाकून बसलो, गेलेल्यांना मनातल्या मनात हसत होतो. चितळाचा कॉल झाला, वानर खाकरलं, सगळे उभे राहिले. मग सामसूम. गेटची वेळ होईपर्यंत बसलो.

वाघीण मागच्या बाजूने निघाली होती. आधी पळालेल्या चारही गाड्यांसमोरून रस्त्याच्या मधोमध वीस मिनिटं चालत गेली. गेटवर त्यांनी आम्हाले फोटो दाखवले बाप्पा, एकेक करून, सगळ्या जिप्सीवाल्यांनी.

तवापासून "थांबणाऱ्याला फळ मिळते" असं कुणी म्हटलं का मी चहा मागवतो.

मँचेस्टरची_मिसळ

@चंपक, या, गळाभेट. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवरा-बायको नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला गेलो, नॉर्दर्न लाईट्स बघायला. पाच रात्री. रात्री दोन-दोनपर्यंत बर्फात उभे, बॅटऱ्या थंडीने मरतात म्हणून आतल्या खिशात पोटाशी धरून. पाचही रात्री ढग. घरी आलो.

१० मे २०२४ ला सौर वादळ आलं आणि अख्ख्या इंग्लंडमधून ऑरोरा, म्हणजे तेच नॉर्दर्न लाईट्स, दिसला. आमच्या परसातूनसुद्धा. शेजारच्या आजींनी फोनवर फोटो काढला, गुलाबी-हिरवा, सुंदर. मी साडेनऊला झोपले होते, दुसऱ्या दिवशी मुलाची क्रिकेटची मॅच होती.

रानभूल

हाहाहा, आजी!

काळी_काच

या विषयावरचा माझा आवडता फोटो म्हणजे फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच दागेरचा, पॅरिसमधला बुलेव्हार दु ताँप्ल, १८३८. रस्ता भर रहदारीचा, पण एक्सपोजर काही मिनिटांचं, त्यामुळे घोडे, गाड्या, चालणारी माणसं सगळी पुसली गेली. रस्ता ओसाड दिसतो. एकच माणूस उमटला, कारण तो बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा होता. माणूस ओळखू येतो असा हा पहिला फोटो मानतात आणि त्या गृहस्थाला शेवटपर्यंत पत्ता नसणार.

टिंबटिंब

म्हणजे थांबायचं फोटोतल्याने, काढणाऱ्याने नाही. चहाताई, खंड्याचे बूट पॉलिश करायची सोय बघा.

काळी_काच

:) आणि दुसरी बाजूही सांगतो. अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सचा हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो, १९४१. संयमाचं उदाहरण म्हणून लोक तो दाखवतात, पण घडलं उलटं. तो दिवसभराचं काम आटपून परत चालला होता, रस्त्यावरून देखावा दिसला, गाडी थांबवून कॅमेरा लावायची धांदल. लाईटमीटर सापडेना. चंद्राची दीप्ती किती असते ते पाठ होतं, त्यावरून मनात हिशेब केला आणि एक प्लेट घेतली. दुसरी घेण्यासाठी होल्डर पालटेपर्यंत दफनभूमीतल्या क्रुसांवरचं ऊन गेलेलं. त्या संध्याकाळी तो वाट बघत बसला असता तर फोटो नसता. मात्र पुढे कित्येक वर्षं तो त्याच निगेटिव्हचे प्रिंट वेगवेगळ्या तऱ्हेने करत राहिला, आकाश गडद करत गेला.

सौ_वैतागलेल्या

मी फोटोग्राफर नाही. फोटोग्राफरची बायको आहे. त्यामुळे या विषयात माझा अधिकार तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त.

आमचे हे शनिवारी पहाटे चारला उठून फुलपाखरं बघायला जातात. "संयम हवा गं." बरोबर. त्या संयमाच्या वेळात दूधवाला, मुलीचा क्लास, सासऱ्यांच्या गोळ्या, गॅसवाला हे कोण बघतं? कास पठारावर गेलो तेव्हा एका सीतेच्या आसवाच्या फुलावर दव आहे म्हणून दीड तास पालथे पडले. दोन मुलं घेऊन मी रस्त्यावर उभी, धाकट्याला शू लागलेली. कुणाचा तरी वेळ खर्च होतो तेव्हाच दुसऱ्याला संयम परवडतो.

चहाताई बाई असून सहा रविवार बसतात, याचं मला त्या खंड्यापेक्षा जास्त कौतुक वाटतं. घरचं कोण बघतं तेवढा वेळ?

वाफाळता_चहा

@सौ_वैतागलेल्या, सासूबाई. रविवारचे पोहे त्यांच्याकडे. म्हणून साडेदहाला उठावंच लागतं, अकराला भाकऱ्या माझ्याकडे असतात. प्रश्न त्यातूनच आला खरं तर. माझ्याकडे रविवारचे चारच तास आहेत, ते चुकीच्या जागी घालवतेय का?

सगळ्यांना धन्यवाद. शेपटीची टीप लिहून घेतली आहे.

मेगापिक्सेल

वेळच कमी असेल तर सोपा उपाय. हल्ली खंड्यासाठी तयार जागा असतात. पाण्याचं टब, त्यात छोटे मासे, वर फांदी, समोर आडोसा. पैसे भरा, दोन तासांत फोटो घेऊन घरी.

रानभूल

त्याला फोटो म्हणायचा असेल तर माझ्या फिशटँकचाही काढा. आज टबात मासे, उद्या पिंगळ्याला मोबाईलवर आवाज लावून बोलावणार, परवा घरट्यासमोरच्या फांद्या छाटणार. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. आवाज लावला की पक्षी बिचारा दुसरा नर आला समजून खाणं-पिणं सोडून भांडायला येतो.

मेगापिक्सेल

अहो, लगेच कुठे पोचलात! टबातले मासे खाऊन कुठल्या खंड्याचं पोट बिघडलेलं ऐकलं नाही.

रानभूल

पोटाचा प्रश्न नाहीये. वेळासला मी दोन मार्चमध्ये मिळून चार दिवस काढले, कासवाची पिल्लं एकदाच दिसली. सकाळी टोपली उचलतात, खाली कधी वीस पिल्लं, कधी नुसती वाळू. ज्या दिवशी वाळू निघते त्या दिवशीही लोक गप्प राहून बघतात. फ्लॅश नाही, दोरीच्या पुढे पाय नाही. तिथे कुणी दोन पिल्लं बादलीत ठेवून "फोटोसाठी घ्या" म्हणालं तर तुम्ही काढाल?

मेगापिक्सेल

नाही काढणार. बरं, टब मागे घेतो. प्री-कॅप्चर मागे घेत नाही.

फोटोवाला_पोऱ्या

पॉपकॉर्न घेऊन आलो होतो, एवढ्यात मिटलं?

बांधावरून

मी शेतकरी माणूस, फोटोतलं कळत नाही. पण धागा पहिल्यापासून वाचला आणि एक गोष्ट खटकली.

ताई, तुमचा पक्षी पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या रविवारी आला. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्याला नाही. आणि न आलेल्या दिवशी तुम्ही मोटारीची घरघर लिहिली आहे, निदान दोनदा तरी. आलेल्या दिवशी मोटारीचा उल्लेख नाही.

आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तुमच्याकडेही पाळीच असणार. दिवसपाळीच्या आठवड्यात ऑटो टाकलेला असतो, लाईट आली की मोटार आपोआप सुरू. त्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढायच्या पाईपचं तोंड) बाभळीच्या जवळपास असेल आणि पाणी मार्चमधलं गुडघाभर असेल तर गाळ ढवळणार. गढूळ पाण्यात मासा दिसत नाही. तो तिथे बसून काय करेल? तो काही संयमाची परीक्षा द्यायला आलेला नाही, नाश्त्याला आलाय.

टिंबटिंब

अरे!!

सह्यवारा

मी धागा तीनदा वाचला आणि भागाकारावर भांडत बसलो. _/\_

आबा_स्टुडिओवाले

बांधावरून, तुम्ही आमच्या स्टुडिओत हवे होता.

वाफाळता_चहा (सोमवार, दुपारी १.४०)

मी शाळेच्या मधल्या सुट्टीत वाचतेय आणि हात थरथरतायत. तिन्ही वेळा मोटार होती. पाईप बाभळीच्या बुंध्यालाच बांधलाय! पुढचा रविवार रात्रपाळीचा यायला हवा. विचारून सांगते.

खडीसाखर

आम्ही इथेच आहोत.

चंपक_नागपूरकर

पण मोटार सुरू असते तवा तो जाते कुठं, हे बी पाहा.

वाफाळता_चहा (दोन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ३.०५)

उशीर झाला, परीक्षेचं काम होतं. सांगते.

मोटार आप्पांची. सहा रविवार मी त्यांच्या बांधावरून जात होते, रामराम करत होते, पण पक्ष्याबद्दल एका शब्दाने विचारलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "ते निळं पाखरू व्हय? माझी मोटर चालू असली की ते सांडव्याखालच्या खड्ड्यावर असतंय. मला वाटलं तुम्ही मोजणीच्या." म्हणजे सर्वेची अफवा त्यांच्यापर्यंतही पोचली होती.

गेला रविवार रात्रपाळीचा. तो बाभळीवर आला, दोनदा सूर मारला. शेपूट उचललेलं दिसलं, बटण दाबलं, दोन्ही वेळा पक्षी फ्रेमच्या कडेला, अर्धा. पण हललेला नाही. प्रगती.

आज दिवसपाळी. सरळ सांडव्यावर गेले. खाली ओट्याएवढा खड्डा, स्वच्छ पाणी, आणि तो एका दगडावर. मासा पकडला, दगडावर चार-पाच वेळा आपटला. मग गिळेल म्हणून मी थांबले तर गिळेना. मासा चोचीत फिरवला, डोकं बाहेरच्या बाजूला करून धरला आणि तसाच बसून राहिला. दोन मिनिटांनी दुसरा खंड्या आला, त्याने तो मासा घेतला.

पाण्यातून वर येतानाचा फोटो मिळालेला नाही. हा मिळाला. मासा एकदम स्पष्ट आहे, देणाऱ्याचं डोकं थोडं कापलं गेलंय.

रानभूल

थांब थांब. आलेल्याची खालची चोच तांबूस होती का? तशी असेल तर ती मादी. डोकं बाहेर करून धरला म्हणजे स्वतः खायचा नव्हताच, द्यायचा होता. जोडी जमतेय तुझ्या सांडव्यावर! आसपास मातीच्या दरडीत बीळ असेल. ते शोधायला मात्र जाऊ नकोस, जूनपर्यंत लांबूनच बघ.

वाफाळता_चहा

हो, तांबूस! आत्ता झूम करून पाहिलं. बीळ शोधत नाही, शब्द. आप्पांनाही सांगते, तिकडच्या दरडीला जेसीबी लावायचं म्हणत होते.

त्यांना कॅमेऱ्यात फोटो दाखवला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "चिलापी आहे."

सह्यवारा

प्रचि (प्रकाशचित्र) टाका की आता!

वाफाळता_चहा

टाकतेय मघापासून. साईझ जास्त आहे म्हणतंय. लेक क्लासवरून आली की करून देईल.

खडीसाखर

तोवर साडीचा रंग सांग.

वाफाळता_चहा

मेंदी. सुती आहे. बाभळीच्या काट्यांनी तीन ठिकाणी भोकं पडलीत. सासूबाईंची होती, त्यांना अजून माहीत नाही.